कोरफडीच्या डब्यातला कार्बोमर: तो काय करतो आणि चौकशी कशाची करायची

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या घरी कोरफडीच्या जेलचा मोठा डबा असतो. घरातले सगळेच ते वापरतात, आणि पंधरा वर्षांची मुलगी रोज रात्री चेहऱ्याला लावते. डब्याच्या मागे घटकांच्या यादीत 'कार्बोमर' लिहिलेलं दिसलं. जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की हे बाळांच्या डायपरमध्ये भरतात तेच प्लॅस्टिक आहे, ते रोमरंध्रांत साचून राहतं. शिवाय दोन गोष्टी ताईंनी स्वतः पाहिल्या आहेत: जेल तळहातावर चोळलं की लगेच पाणी सुटतं, आणि वरून सनस्क्रीन लावलं की अंगावरून मळ निघावा तशा वळ्या निघतात. हे भेसळीचं लक्षण आहे का, आणि मुलीला हे लावू द्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी बावीस वर्षं क्रीम आणि जेल बनवण्याच्या कामात आहे, आणि कार्बोमर हाताळला नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल. आधी थोडक्यात सांगते. कार्बोमर हा पदार्थ त्वचेवर निरुपद्रवी आहे आणि मुलीला जेल बंद करण्याचं कारण त्याच्यात नाही. पण कार्बोमर कधी एकटा येत नाही. तो बनवताना वापरलेलं थोडं काही त्याच्यात उरलेलं असतं, आणि त्याला जेल बनवण्यासाठी दुसरं काही घालावं लागतं. आमची तपासणी असते ती या सोबत्यांची. त्यांच्याबद्दल व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवत नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक करून पाहा. कोरफडीचं ताजं पान कापून आतला गर चमच्याने काढा आणि मिक्सरमधून फिरवा. पातळ पाणी मिळेल, किंचित तार सुटणारं, चाळणीतून सहज गळणारं. आता डब्यातलं जेल चमच्यात घ्या. ते उभं राहतं, थरथरतं, चमचा तिरका केला तरी पडत नाही. कोरफडीत हा गुण नाही, ही कार्बोमरची करामत आहे. साधारण अर्धा टक्का पुरतो. म्हणजे ५०० ग्रॅमच्या डब्यात अडीच ग्रॅम पावडर, आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी. त्यामुळे जेल जितकं घट्ट तितकी कोरफड जास्त, असं समजून कुणी महागडा डबा घेत असेल तर ती समजूत चुकीची आहे. घट्टपणावरून कोरफडीचं प्रमाण कळतच नाही.

कार्बोमर म्हणजे ॲक्रिलिक ॲसिडच्या असंख्य रेणूंची साखळी, आणि अशा साखळ्यांना मध्ये मध्ये घातलेले टाके. हे टाके पेंटाएरिथ्रिटॉल नावाच्या अल्कोहोलचे किंवा चक्क साखरेचे अलाइल ईथर वापरून घालतात. टाके नसते तर साखळ्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या. टाके असल्यामुळे त्या विरघळत नाहीत, फुगतात. फालुद्यातला सब्जा आठवा: कोरडं बी टणक, पाण्यात पडलं की भोवती पारदर्शक गोळा. कार्बोमरचा प्रत्येक कण सब्जासारखाच वागतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक, काही मायक्रॉनचा. फुगला की व्यास दहापट होतो, म्हणजे आकारमान हजारपट. असे कोट्यवधी फुगलेले गोळे एकमेकांना खेटून बसतात आणि पाण्याला हलायला जागा उरत नाही, हेच जेल. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने १९५० च्या दशकात कार्बोपॉल या नावाने तो बाजारात आणला. आज तो व्यवसाय लुब्रिझॉलकडे आहे, आणि आमच्या लॅबमध्ये कुठल्याही कंपनीच्या कार्बोमरला अजून 'कार्बोपॉल'च म्हणतात.

जाऊबाईंचं म्हणणं म्हणूनच निम्मं बरोबर आहे. डायपरमधले पाणी शोषणारे दाणे सोडियम पॉलिॲक्रिलेटचे असतात, आणि दोघांचं कूळ ॲक्रिलिक ॲसिडच. पण एका कुळातली म्हणून कच्ची कैरी आणि आमरस कुणी एक मानत नाही. दाण्याचा आकार, टाक्यांची घनता, शुद्धतेची पातळी, वापराचं प्रमाण, सगळं वेगळं. शिवाय डायपरमधले दाणे धोकादायक आहेत असं तरी कुठे आहे? तीही भीती नावावरूनच आलेली आहे.

जेल बनतं कसं ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कार्बोमरची पावडर इतकी फुलकी असते की डबा उघडताना पंखा बंद करावा लागतो. ती पाण्यात एकदम ओतली तर वरून ओला आणि आतून कोरडा असा गोळा होतो आणि तो तासन् तास फुटत नाही. म्हणून स्टिरर चालू ठेवून, पिठल्यात बेसन पेरावं तशी, चाळणीतून हळूहळू पेरायची. सगळी पेरून झाली की भांड्यात गढूळ पांढरट पातळ पाणी असतं. पीएच काढला तर तीनच्या आसपास, म्हणजे चांगलंच आंबट. या घडीला कुणी म्हटलं की याचं जेल होणार, तर विश्वास बसणार नाही. मग अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, थेंब थेंब सोडायची: कॉस्टिक सोड्याचं पाणी किंवा ट्रायइथेनॉलअमाइन. पीएच पाचच्या पुढे सरकला की स्टिररभोवतीचा भोवरा मिटतो, गढूळपणा जाऊन काचेसारखी पारदर्शकता येते आणि मोटरचा आवाज जड होतो. शिकाऊ मुलामुलींना हे पहिल्यांदा दाखवते तेव्हा त्यांचा हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि मला अजूनही ते बघायला आवडतं.

घडतं ते असं. आम्लात साखळ्या गुंडाळी करून पडलेल्या असतात. अल्कली घातली की साखळीवरच्या प्रत्येक आम्ल-गटावर ऋण भार येतो, शेजारी-शेजारी सगळे ऋण भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि गुंडाळी उलगडते. टाके तिला सुटू देत नाहीत, पाणी आत शिरतं आणि कण फुगतो. सगळा डोलारा या ढकलाढकलीवर उभा असतो.

आता तुमच्या तळहातावरचं पाणी. घामात मीठ असतं. मिठातले सोडियमचे धन भार ऋण भारांच्या मध्ये येऊन बसतात, ढकलाढकली थांबते, साखळ्या पुन्हा आकसतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात. घरीच खात्री करा: बशीत चमचाभर जेल घ्या आणि वर चिमूटभर मीठ टाकून चमच्याने फिरवा. अर्ध्या मिनिटात पाणी होईल. भेसळीशी याचा काही संबंध नाही, चांगल्यातलं चांगलं कार्बोमर जेलही मिठाने असंच मोडतं. या गुणाचा आम्ही मुद्दाम उपयोगही करून घेतो. कार्बोमरच्या साखळीला तेलाला धरणारे थोडे तुकडे जोडले की एक भाऊ तयार होतो, यादीत त्याचं लांबलचक नाव 'ॲक्रिलेट्स/सी१०-३० अल्काइल ॲक्रिलेट क्रॉसपॉलिमर' असं असतं. तो तेलाचे थेंब पाण्यात सांभाळून ठेवतो, आणि त्वचेवरचं मीठ लागलं की फुटून तेल मोकळं सोडतो. लावताच पाण्यासारखं पसरणारं जेल-क्रीम मिळतं ते बहुधा याच्यामुळे.

रोमरंध्रांत साचण्याचं म्हणाल तर रेणूच्या आकाराकडे पाहावं लागेल. त्वचेच्या वरच्या थरातून आत जाऊ शकणाऱ्या रेणूंचा साधारण अंदाज देणारा एक नियम बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला: ५०० डाल्टनच्या वरचे रेणू सहसा आत जात नाहीत (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). सॅलिसिलिक ॲसिड १३८ डाल्टन, नायसिनमाइड १२२. कार्बोमरचं एकेक जाळं लाखांच्या आणि कोटींच्या घरात. ते त्वचेवर बसतं, वाळतं, एक अतिशय पातळ थर होतो आणि चेहरा धुतला की निघून जातं. ते तेलकट नाही, मेणासारखं नाही, छिद्र बुजवण्याचा गुण त्याच्यात नाही. पिंपल्ससाठी डॉक्टर जे ॲडॅपलीनचं जेल देतात त्याचा गाभाही अनेकदा कार्बोमरचाच असतो. कोरड्या डोळ्यांसाठी ०.२ टक्के कार्बोमरचं जेल थेट डोळ्यात घालायला देतात. अर्थात तो औषधी दर्जाचा माल असतो, पण डोळ्याने जो पदार्थ सहन केला तो गालाने न सहन करण्याची शक्यता फार कमी.

सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांचा आढावा घेणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने, सीआयआरने, १९८२ मध्ये कार्बोमरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये त्वचेला खाज-जळजळ होण्याची किंवा ॲलर्जी जडण्याची शक्यता कमी आढळली आणि वापर सुरक्षित ठरवला गेला. पण त्याच अहवालात एक गोष्ट बजावून सांगितली होती: कार्बोमरमध्ये अशुद्धी म्हणून राहणारं बेन्झीन शक्य तितकं खाली आणा. बेन्झीनकडे मी येतेच. त्याआधी दुसरा उरलेला पदार्थ बघू, कारण लोक घाबरतात ते खरं तर त्याच्या नावाला.

साखळी बनवताना सगळं ॲक्रिलिक ॲसिड साखळीत जातंच असं नाही, थोडं सुटं राहतं. हे सुटं ॲसिड त्वचेला झोंबणारं आहे. ॲक्रिलेट कुळातले काही सुटे रेणू तर ॲलर्जीसाठी कुप्रसिद्धच आहेत. नखांच्या जेल पॉलिशमधला हेमा हा त्यातला एक, आणि मधुमेहींच्या दंडावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरमुळे चर्चेत आलेलं आयसोबोर्निल ॲक्रिलेट हा दुसरा. त्याला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० सालचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून जाहीर केलं होतं. पण हे सगळे सुटे, चिमुकले, आत शिरू शकणारे रेणू आहेत. साखळीत एकदा अडकले की त्यांचा तो स्वभाव जातो. नेलपॉलिशची ॲलर्जी ऐकून कार्बोमरला घाबरणं म्हणजे चुनखडीला कळीच्या चुन्याइतकं दाहक समजण्यासारखं आहे.

तरी सुटं किती राहतं याचा हिशेब आम्ही मांडतोच, आणि तुम्हालाही मांडून दाखवते. अमेरिकेच्या औषधी संहितेत कार्बोमरमध्ये सुट्या ॲक्रिलिक ॲसिडची मर्यादा ०.२५ टक्के आहे. जेलमध्ये कार्बोमर ०.५ टक्के धरला, तर जेलमध्ये सुटं ॲसिड दहा लाखांत साडेबारा भाग, तेही माल मर्यादेच्या अगदी टोकावर असला तर. चेहऱ्याच्या क्रीमचा दिवसाचा वापर युरोपातल्या सुरक्षा-मूल्यांकनात १.५४ ग्रॅम धरतात. म्हणजे दिवसाला चेहऱ्यावर १९ मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाचं वजन याहून जास्त भरतं. शिवाय जेल बनवताना अल्कली घातल्यामुळे हे ॲसिड सुटं ॲसिड राहतच नाही, त्याचं क्षार होतं. या हिशेबावर मी माझ्या घरच्यांना जेल लावायला देते.

आता बेन्झीन. माझ्या मते कार्बोमरच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न कुठला असेल तर हाच. कार्बोमर पाण्यात बनवता येत नाही, बनता बनता तो फुगून बसेल. म्हणून तो अशा द्रावकात बनवतात ज्यात तो विरघळत नाही आणि पावडर होऊन खाली बसतो. कार्बोमरच्या जुन्या ९३४, ९४० आणि ९४१ या क्रमांकांच्या ग्रेडसाठी, म्हणजे प्रकारांसाठी, हा द्रावक बेन्झीन होता. पावडर कितीही सुकवली तरी थोडं बेन्झीन आत अडकून राहतं. या ग्रेडसाठी औषधी संहितेने ०.५ टक्क्यापर्यंत बेन्झीनची मुभा ठेवली होती. बेन्झीनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे, आणि कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत ते पहिल्याच गटात आहे. हिशेब पुन्हा तोच करा: ०.५ टक्के कार्बोमर, त्यात ०.५ टक्के बेन्झीन, तर जेलमध्ये दहा लाखांत २५ भाग. औषधांतल्या उरलेल्या द्रावकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत बेन्झीनची मर्यादा दहा लाखांत २ भाग आहे, आणि तीही ते टाळता येतच नसेल तर. प्रत्यक्षात माल मर्यादेच्या बराच खाली असू शकतो, पण कागदावर जितकं मान्य आहे तितकं कधी तरी येऊ शकतं असं धरूनच आम्हाला चालावं लागतं.

यावरचा उपाय जुना आहे. इथाइल ॲसिटेट आणि सायक्लोहेक्झेन यांच्या मिश्रणात बनवलेल्या ग्रेड कित्येक वर्षांपासून मिळतात. ९४० च्या जागी ९८० घ्यायचा, ९४१ च्या जागी ९८१. जेल जवळजवळ तसंच येतं, ९४० आणि ९८० दोन्हींची घट्टाई अर्ध्या टक्क्याला चाळीस ते साठ हजार सेंटिपॉइज. इथाइल ॲसिटेट म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा तो गोडसर वास, आणि या प्रमाणात त्याचा त्रास नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषध कंपन्यांसाठी सूचना काढली ती बेन्झीनमध्ये बनलेला कार्बोमर काढून दुसरा कसा आणायचा याबद्दलच. पर्याय हाताशी असताना जुनी ग्रेड चालू ठेवण्याला मला एकही पटणारं कारण सापडलेलं नाही, थोडा दर सोडला तर. एका उत्पादकाकडे सल्लागार म्हणून गेले होते, तिथे ९४० चे ड्रम ठेवलेले दिसले. "मॅडम, वीस वर्षं हाच चालतोय," एवढंच उत्तर मिळालं. विश्लेषणाचा दाखला मागितला तर त्यावर बेन्झीनची ओळच नव्हती. मी त्या कामावर सही केली नाही.

अडचण अशी की तुमच्या डब्यावरून हे कळणार नाही. ९४० असो की ९८०, यादीत नाव एकच, कार्बोमर. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि एवढंच विचारा: तुम्ही वापरता तो कार्बोमर कुठल्या ग्रेडचा आहे, आणि तो बेन्झीन न वापरता बनवलेला आहे का? हे साधं सरळ तांत्रिक विचारणं आहे, त्यात गुपित फुटत नाही. जी कंपनी नीट काम करते तिच्या टेबलावर ही माहिती असते.

दुसरा सोबती अल्कली. कॉस्टिक सोडा वापरला असेल तर चिंता नाही, तो आम्लाशी मिळून संपतो. ट्रायइथेनॉलअमाइनची मात्र गंमत पाहा: एक भाग कार्बोमरला ते साधारण दीड भाग लागतं. म्हणजे यादीत ज्याचं नाव बघून आपण दचकतो त्याच्यापेक्षा त्याचा मदतनीसच जेलमध्ये जास्त असतो. ०.५ टक्क्याला ०.७५ टक्के, आणि लावून ठेवायच्या उत्पादनांसाठी युरोपातली मर्यादा २.५ टक्के आहे, त्यामुळे प्रमाणाचा प्रश्न नाही. प्रश्न संगतीचा आहे. ट्रायइथेनॉलअमाइनमध्ये थोडं डायइथेनॉलअमाइन असू शकतं, आणि शेजारी नायट्राइट सोडणारा पदार्थ असेल तर नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात, जे कर्करोगकारक मानले जातात. असा एक पदार्थ म्हणजे ब्रोनोपॉल हे परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारं द्रव्य. डब्यावर ते '२-ब्रोमो-२-नायट्रोप्रोपेन-१,३-डायॉल' अशा नावाने येतं. एकाच यादीत ट्रायइथेनॉलअमाइन आणि हे दोन्ही दिसले तर तो डबा मी घेत नाही.

यादी वाचण्याची एक खूण सांगून ठेवते. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि एक टक्का किंवा त्याखालचे नंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. कार्बोमर नेहमी या शेपटीतला. म्हणून तो कोरफडीच्या अर्काच्या आधी लिहिलेला दिसला, तर कोरफडीचा अर्कही एक टक्क्याखालीच आहे असं समजा.

मुलीला जेल लावून खाज किंवा लाली आलीच, तर कार्बोमरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. माझा पहिला संशय सुगंधावर असतो आणि दुसरा परिरक्षकांवर, विशेषतः मिथाइलआयसोथायाझोलिनोनवर. लावून ठेवायच्या उत्पादनांत युरोपाने ते २०१७ पासून बंद केलं आहे. नवा डबा आणला की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघायचं, आणि काही झालं नाही तर चेहऱ्याला. आमच्याकडेही माल बाहेर जाण्याआधी त्वचेवर पॅच टेस्ट होते, आयएस ४०११ या मानकात सुरक्षा-चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. पण ती चाचणी झालेल्या माणसांत तुमची मुलगी नव्हती, म्हणून घरची चाचणी कराच.

कार्बोमरचा खरा त्रास कुणाला होऊ शकतो ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो तुम्हाला होत नाही, ड्रम उघडणाऱ्या माणसाला होऊ शकतो. डब्यातल्या जेलमधला कार्बोमर ओला, फुगलेला, जागच्या जागी असतो. पावडर मात्र हवेत तरंगते, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाते आणि तिथल्या ओलाव्यात फुगते. जपानमध्ये २०१७ साली तिथल्या आरोग्य आणि कामगार मंत्रालयाने याच कुळातल्या, टाके घातलेल्या ॲक्रिलिक पॉलिमरची पावडर हाताळणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचे आजार झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे लहान युनिटमध्ये ही पावडर बादलीने ओततात आणि तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने काही मायक्रॉनचा कण अडत नाही. चांगला मास्क, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि पावडर पेरणाऱ्याने वाऱ्याबरोबर धूळ अंगावर येईल अशा बाजूला उभं न राहणं, एवढं तरी पाहिजे. तुमच्यापैकी कुणी घरगुती उद्योग म्हणून जेल करत असेल तर हे मनावर घ्या, आणि मूल जवळ असताना डबा उघडू नका. घरी करायचंच तर पाण्यात आधीच भिजवलेलं कार्बोमरचं द्रावण मिळतं का ते बघा.

२०२० मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं होतं. सॅनिटायझर जेलसाठी सगळ्या देशाला कार्बोमर हवा होता, दर भडकले होते, आणि ज्यांनी आयुष्यात जेल केलं नव्हतं ते करायला बसले होते. एका छोट्या उद्योजकाचा रात्री फोन आला: जेल होत नाही, दुधात लिंबू पिळल्यासारखं फाटतंय. त्यांनी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कॉस्टिक सोडा घातला होता. कार्बोमरचं सोडियम क्षार एवढ्या अल्कोहोलमध्ये टिकत नाही, खाली बसतं. तिथे ट्रायइथेनॉलअमाइनच्या कुळातलं, एवढ्या अल्कोहोलमध्ये चालणारं अमाइनच लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेल उभं राहिलं. म्हणजे वर ज्या ट्रायइथेनॉलअमाइनची मी चौकशी करायला सांगितली, त्याच्या कुळातल्या अमाइनांवाचून काही ठिकाणी भागत नाही हेही खरं.

कार्बोमर काम नीट करतोय का, हे बघण्याचीही आमची पद्धत आहे. डब्याला उजेडात धरा. आत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतील, आणि महिन्याभराने बघितलं तरी ते तिथेच दिसतील. जेल बुडबुड्याला वर येऊ देत नाही, तसंच तेलाच्या थेंबाला किंवा औषधाच्या कणाला खाली बसू देत नाही. म्हणजे पहिल्या चमच्यात आणि शेवटच्या चमच्यात औषध सारखंच असतं. बोटाने ढकललं की मात्र लगेच पसरतं. स्थिर असताना घट्ट आणि हात लावताच पातळ, हाच त्याचा मोलाचा गुण. त्वचेला तो स्वतः काही देत नाही, ना ओलावा ना उजळपणा. 'कार्बोमरमुळे त्वचा तुकतुकीत' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

त्याची कमकुवत बाजूही आहे. नितळ बाटलीत भरून उन्हात ठेवला तर साखळ्या तुटतात आणि जेल पातळ होतं. म्हणून आम्ही नमुन्याच्या बाटल्या खिडकीत ठेवून बघतो, आणि दुसऱ्या चाळीस अंशांच्या कपाटात तीन महिने ठेवतो. तुमचा डबा बाथरूमच्या खिडकीत असेल तर तो कपाटात हलवा. होमोजिनायझर या जोरात घुसळणाऱ्या यंत्राच्या पात्यांनी साखळ्या तुटल्या तर त्या परत जोडल्या जात नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी गुठळ्या फोडण्यासाठी मी होमोजिनायझर वीस मिनिटं जास्त चालवला होता, आणि दोनशे किलोची बॅच पन्ह्यासारखी पातळ झाली. तेव्हापासून गुठळ्या आहेत तर रात्रभर भिजत ठेवा, सकाळी आपोआप मुरतात, हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते.

राहिल्या सनस्क्रीनच्या वळ्या. कार्बोमरचा वाळलेला थर पातळ कागदासारखा असतो. तो पुरता वाळण्याआधी वरून सिलिकॉन किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन चोळलं की थर सुटतो आणि गुंडाळला जातो. अपाय काही नाही, पण सनस्क्रीनचा थर मध्ये मध्ये फाटतो आणि तिथे ऊन लागतं, म्हणून दुर्लक्ष करू नका. जेल वाटाण्याएवढंच घ्या, दहा मिनिटं थांबा, आणि सनस्क्रीन चोळण्याऐवजी बोटांनी थापत लावा. तरी वळ्या निघाल्या तर जेल रात्रीच ठेवा, सकाळी नको.

नैसर्गिक पर्यायाबद्दलही विचारतात. झँथन गम आहे, सेल्युलोजपासून केलेले आहेत, घरी जवस उकळून काढतात तेही आहे. झँथन जास्त झालं की लाळेसारखी तार सुटते. मीठ आणि आम्ल मात्र ते कार्बोमरपेक्षा चांगलं सहन करतं, म्हणून आम्लाच्या सीरममध्ये मी तेच किंवा सेल्युलोजचं वापरते. जवसाचं जेल केसांना छान, पण फ्रीजमध्येसुद्धा आठवड्याच्या पुढे ठेवू नका, जंतूंना ते खाद्यच आहे. कार्बोमर जंतूंचं खाद्य नाही, पण तोच गुण पर्यावरणासाठी दोष ठरतो: सांडपाण्यात गेला की तो सहजी कुजत नाही. युरोपाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिककणांवर निर्बंध आणले. ते पाण्यात न विरघळणाऱ्या, पाच मिलिमीटरहून लहान घन कणांसाठी आहेत, आणि फुगून जेल होणारे पॉलिमर त्यात कुठे बसवायचे यावर उद्योगात बराच खल चालू आहे. पर्यावरणाच्या कारणासाठी कुणी कार्बोमर नको म्हणत असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. त्वचेच्या कारणासाठी म्हणत असेल तर घालीन.

तर ताई, मुलीचं जेल चालू राहू द्या. आज डबा उलटा करून ट्रायइथेनॉलअमाइन आणि ते ब्रोमो-नायट्रो नाव एकत्र आहे का तेवढं बघा, आणि कंपनीला ग्रेड विचारणारी ईमेल टाका. उत्तरात ९३४, ९४० किंवा ९४१ आला, किंवा पंधरा दिवसांत उत्तरच आलं नाही, तर हा डबा संपला की दुसऱ्या कंपनीचा आणा, आणि विकत घेण्याआधी त्यांनाही हेच विचारा.